ओंडक्यातला खिळा

बाळकूम नाक्यावरून आत, खाडीच्या अंगाला,
वालजीभाईंच्या वखारीत मी धार लावतो.
करवतीवर उभा राहतो तो इद्रीस.
मी दात बघणारा,
बावीस फूट पात्याचे, एकूण एक,
बैलबाजारात बघतात तसे, ओठ उचलून.

पाते उतरवायचे, भिंतीतल्या खुंट्यांवर टांगायचे.
तिकोनी कानस. दोन घास पुढे,
परत येताना उचलून.
मागे ओढली की कानस मरते,
हे शिकवणाऱ्या बाबल मेस्त्रीला डाव्या हाताला साडेतीन बोटे.
उरलेल्या दीडबद्दल त्याने कधी चकार शब्द काढला नाही.
विचारले की म्हणायचा, चहा सांग.

साग बघून वर्षे झाली.
येते ते वादळात पडलेले, मेट्रोच्या आड आलेले,
सोसायटीतल्या गाडीवर झुकले म्हणून शिक्षा झालेले.
कापणारी पोरे चेन सॉ खांद्यावर टाकून टेम्पोतून उतरतात,
ऑइलचा वास, भुवयांवर भुसा,
ओंडक्याच्या बुडाला खडूने नंबर.
नारळ आणला तर वालजीभाई गेटवरूनच हात जोडतात.
नारळ पाते खातो, आणि जळताना नुसता धूर.

कान अर्धे गेलेत माझे.
तरी पायाखालच्या फरशीतून कळते काय चिरतेय:
बाभूळ खिंकाळते,
आंबा गुळण्या केल्यासारखा,
रेन ट्री हं हं करत जातो,
दुपारी आडवे पडून कुणाचे गाऱ्हाणे ऐकावे तसा.

संध्याकाळी काट्यावर सगळे सारखेच.
फळ्या वागळे इस्टेटला, खोक्यांसाठी.
भुसा कोंबड्यांखाली.
ढलप्या पावाच्या भट्टीला; बेकरीचा मुनीम
ओल तपासायला ढलपीचे टोक गालाला लावतो.
जाड फोडी स्मशानात, एका माणसाला साडेतीनशे किलो,
माणूस किडकिडीत असला तरी पावती तेवढीच.

मंगळवारी कोलशेत रोडचा रेन ट्री लावला होता.
हं हं चालले होते.
मग फरशीतून एक खटका माझ्या टाचेत.
मी ओरडेपर्यंत पाते सुटले,
छपराचे पत्रे वाजवत वर गेले
आणि खांबाला दोन वेढे घालून थांबले.
इद्रीस खाली बसला. बोटे मोजली. दहा.
पुन्हा मोजली.

खोडात, सालीपासून वीतभर आत, खिळा.
भोवती लाकूड निळेकाळे, जुन्या माराच्या वळासारखे,
आणि पत्र्याचा नखाएवढा तुकडा, पिवळा.
वालजीभाईंनी ठेकेदाराच्या सात पिढ्या काढल्या.
मी वलये मोजत होतो.
एकवीस. कदाचित बावीस;
या झाडाचा हिशोब आमच्या शेठसारखा,
मधले एखादे वर्ष गाळतो.

बावीस वर्षांपूर्वी मी शिडी घेऊन त्याच रस्त्याने हिंडायचो.
पाट्या ठोकायचो. टायपिंग क्लास, मूळव्याध, खोल्या भाड्याने.
पाटीमागे दोन रुपये, खिळे त्यांचे.
टायपिंगची पाटी पिवळी असायची.
झाड तेव्हा माझ्या कवेत मावायचे.

तुटलेली टोके घासून तिरपी केली.
सुहागा, चांदीचा टाका,
लाल होईपर्यंत ज्योत,
मग निववायचे हळूहळू; घाई केली की तिथेच पुन्हा तुटते.
इद्रीस मागे उभा राहून विचारत राहिला,
एवढ्या आत खिळा गेला कसा.
मी म्हणालो, चहा सांग.